पूरपट्टा, शेतजमीन आणि सरकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नदीकाठच्या शेतांतून पुराला वाट करून द्यायची, तटबंध मागे सरकवायचे, बुजलेले जुने प्रवाह मोकळे करायचे, अशी धोरणं गेल्या तीस-चाळीस वर्षांत अनेक देशांनी आणली. नकाशावर ती देखणी दिसतात. शेतकऱ्याचा प्रश्न मात्र एकच असतो: जमीन माझी, पाणी नदीचं, मग नुकसान कोणाचं? खालची बरीचशी उत्तरं फिरून तिथेच येतात.

पूरपट्टा म्हणजे नेमकी कोणती जमीन?

पाणी पात्रात मावेनासं झालं की नदी ज्या सपाट जमिनीवर पसरते ती. नदीनेच हजारो वर्षं गाळ आणून ती घडवलेली असते. म्हणून तर ती सुपीक असते, आणि म्हणूनच तिथे सगळ्यात आधी नांगर फिरला. बरीच वर्षं पाणी आलं नाही म्हणून जमीन पूरपट्ट्यातून बाहेर पडत नाही. तटबंध घातला तरी नाही; पाणी अडलेलं असतं, इतकंच.

नकाशावर 'शंभर वर्षांचा पूर' लिहिलंय. म्हणजे आमच्या हयातीत नाहीच ना?

असं समजून बरेच जण निर्धास्त होतात. शंभर वर्षांचा पूर म्हणजे कोणत्याही एका वर्षी तेवढा पूर येण्याची शक्यता १ टक्का. तो लागोपाठ दोन वर्षंही येऊ शकतो. तीस वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत तो एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के निघते. पंचवीस वर्षांच्या पुराचं गणित आणखी बोलकं आहे: दर वर्षी ४ टक्के, आणि पंचवीस वर्षांत एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के. शिवाय हे आकडे जुन्या नोंदींवरून काढलेले असतात. वरच्या खोऱ्यात धरण झालं, जंगल गेलं किंवा पावसाची तऱ्हा बदलली की आकडे तेच राहतात आणि नदी बदललेली असते. नकाशा कोणत्या वर्षापर्यंतच्या नोंदींवर काढलाय, हे जरूर विचारा.

पूररेषा आखली म्हणजे पूरपट्ट्याचं पुनरुज्जीवन झालं का?

नाही. रेषा आखणं म्हणजे कुठे काय करू नये हे सांगणं. पुनरुज्जीवन म्हणजे तुटलेली जमीन नदीला पुन्हा जोडणं. भारतात केंद्रीय जल आयोगाने १९७५ मध्ये पूरपट्टा विभागणीचा नमुना कायदा राज्यांकडे पाठवला. पाणी हा राज्यांचा विषय, त्यामुळे पुढचं काम राज्यांचं होतं. मणिपूरने १९७८ मध्ये आणि उत्तराखंडने २०१२ मध्ये कायदा केला, पण असा कायदा करणारी राज्यं मोजकीच. महाराष्ट्रात २५ वर्षांच्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांच्या पुराची लाल रेषा आखतात. निळ्या रेषेच्या आतला पट्टा निषिद्ध, निळ्या आणि लाल रेषेमधला नियंत्रित. रोख मुख्यतः बांधकामावर आहे, शेतीवर नाही. शेतातून पाणी वाहून जावं यासाठी शेतकऱ्याशी करार करणं, त्याला त्याचे पैसे देणं, हा भाग या चौकटीत येतच नाही. माझ्या मते खरी उणीव ती आहे.

प्रत्यक्ष जमिनीवर काय करतात?

जागेनुसार वेगवेगळं. जर्मनीत एल्बे नदीवर लेंझेनजवळ जुन्या तटबंधाच्या मागे नवा तटबंध बांधला, मग जुन्याला जागोजागी खिंडारं पाडली आणि सुमारे ४२० हेक्टर जमीन पुन्हा पुराच्या पाण्याखाली येऊ दिली. हे काम २००२ ते २००९ दरम्यान झालं. नेदरलँड्समध्ये १९९३ आणि १९९५ च्या पुरांनंतर 'नदीला जागा' हा कार्यक्रम आला. १९९५ मध्ये तिथे सुमारे अडीच लाख लोकांना घरं सोडावी लागली होती, त्यामुळे लोकांचीही मनाची तयारी होती. तीसहून अधिक ठिकाणी कुठे बांध मागे घेतला, कुठे नदीकाठची जमीन खरवडून खाली आणली, कुठे पुरापुरता दुसरा प्रवाह काढला. ऱ्हाइन नदी सेकंदाला १५,००० ऐवजी १६,००० घनमीटर पाणी सुरक्षित वाहून नेईल, एवढी वाट करायची असं उद्दिष्ट होतं.

डेन्मार्कच्या स्कर्न नदीची गोष्ट मात्र प्रत्येक कृषी खात्याने वाचावी अशी आहे. १९६० च्या दशकात सरकारने पैसा ओतून ही नदी सरळ केली, पाण्याचा निचरा केला आणि सुमारे ४,००० हेक्टर जमीन लागवडीखाली आणली. सुकलेली जमीन खचत गेली, म्हणून निचऱ्याचे पंप आणखी चालवावे लागले, आणि लोहाचा गेरू नदीत उतरून मासे मरू लागले. शेवटी १९९९ ते २००२ मध्ये त्याच सरकारने पुन्हा पैसा ओतून नदीला वळणं परत दिली आणि सुमारे २,२०० हेक्टर जमीन ओली केली. एकाच जमिनीवर जनतेचा पैसा दोनदा खर्च झाला.

मग तटबंधच आणखी उंच का करत नाहीत?

करतात, आणि बऱ्याच ठिकाणी गावठाण वाचवायला ते लागतातच. पण तटबंध पाणी संपवत नाही, ते पुढच्या गावाकडे ढकलतो. दोन्ही काठांना भिंत घातली की गाळही शेतात न पसरता पात्रातच बसतो, तळ वर येतो, आणि मग बांध पुन्हा वाढवायची वेळ येते. शिवाय बांधामागे लोक निर्धास्त होऊन घरं-कारखाने उभारतात. बांध फुटला की नुकसान पूर्वीच्या कितीतरी पट होतं. अमेरिकी भूगोलतज्ज्ञ गिल्बर्ट व्हाइट यांनी १९४५ मध्येच हे मांडलं होतं.

बिहारचा हिशेब पाहा. १९५४ मध्ये तिथे सुमारे १६० किलोमीटर तटबंध होते आणि पूरप्रवण क्षेत्र २५ लाख हेक्टर मानलं जायचं. पुढच्या चाळीस वर्षांत तटबंधांची लांबी साडेतीन हजार किलोमीटरच्या घरात गेली आणि पूरप्रवण क्षेत्र ६८.८ लाख हेक्टरवर पोहोचलं. सगळा दोष तटबंधांचा नाही, मोजण्याच्या पद्धतीही बदलल्या असतील. पण संरक्षण वाढलं आणि क्षेत्र घटलं, असं नक्कीच झालं नाही. ऑगस्ट २००८ मध्ये कोसीचा तटबंध नेपाळमधल्या कुसहा इथे फुटला, तेव्हा नदीने अनेक दशकांपूर्वी सोडलेली वाट धरली आणि तटबंधाच्या भरवशावर राहिलेली गावंच्या गावं पाण्यात गेली.

नदीतला गाळ काढला तर?

पुलाखाली, संगमाजवळ, निचऱ्याच्या चरांत उपयोग होतो. मोठ्या पुरात पात्रापेक्षा कितीतरी जास्त पाणी पात्राबाहेरून वाहत असतं, तिथे तळ हातभर खाली नेऊन फारसा फरक पडत नाही, आणि दोन-चार पावसाळ्यांत तो पुन्हा भरतो. ही मागणी सगळ्यात लोकप्रिय असते, कारण तिच्यात कोणाचीच जमीन जात नाही.

माझ्या दोन-चार हेक्टरांनी पूर असा किती उतरणार?

एकट्याच्या शेताने काही नाही. हिशेब साधा आहे. एक हेक्टरवर एक मीटर पाणी उभं राहिलं की १०,००० घनमीटर, म्हणजे एक कोटी लिटर. ऐकायला प्रचंड वाटतं, पण नदी सेकंदाला १,००० घनमीटरने वाहत असेल तर तेवढं पाणी दहा सेकंदांत निघून जातं. म्हणून योजना सलग पट्ट्याची लागते.

आता १,००० हेक्टरांचा सलग पट्टा घ्या. सगळी नदी आत वळवली तर तो पावणेतीन तासांत भरेल आणि मग असून नसल्यासारखा. पण पुराच्या माथ्यावरचे फक्त १०० घनमीटर दर सेकंदाला आत घेतले, तर तोच पट्टा २७-२८ तास पुरतो. खालच्या शहरात पाणी पुलाला लागणार की नाही, हे अनेकदा या तासांवर ठरतं. त्यामुळे सगळी मेख पाणी आत घेण्याच्या सांडव्याच्या उंचीत असते. सांडवा बुटका ठेवला तर पूर चढायच्या आधीच शेत भरून बसतं: तुमचं पीकही गेलं आणि खालचं गावही वाचलं नाही. उंच ठेवला तर दहा-वीस वर्षं थेंबही येत नाही आणि मग एकदम येतो. सांडव्याची पातळी करारात आकड्याने लिहिलेली हवी. 'आवश्यकतेनुसार पाणी सोडले जाईल' असं वाक्य दिसलं तर पुढे जाऊ नका.

जमीन सरकारजमा होते का?

प्रत्येक योजनेत नाही. ढोबळमानाने चार तऱ्हा आहेत आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

सरळ खरेदी किंवा संपादन: मालकी जाते, पैसे एकदाच मिळतात, विषय संपतो. फ्लोरिडातली किसिमी नदी सरळ करून १९७१ पर्यंत तिचा कालवा केला होता. तिला वळणं परत देताना पूरपट्ट्यातली जमीन मोठ्या प्रमाणावर विकत घ्यावी लागली आणि काम संपायला २०२१ उजाडलं.

अदलाबदल: नदीकाठची जमीन द्यायची, वरच्या बाजूला तितक्याच मोलाची घ्यायची. स्कर्नच्या खोऱ्यात याचा बराच उपयोग झाला. शेती सोडायची नसेल तर हा पर्याय सगळ्यांत बरा, पण सरकारकडे वाटायला जमीन आधीपासून हवी. ती नसताना अदलाबदलीचं आश्वासन म्हणजे बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

तिसरी तऱ्हा म्हणजे मालकी तुमचीच, पण जमिनीवरचे काही हक्क सरकार विकत घेतं. अमेरिकेच्या कृषी खात्याची पूरपट्टा हक्क-खरेदी अशी आहे. गेल्या बारा महिन्यांत पूर आलेली किंवा दहा वर्षांत किमान दोनदा बुडालेली जमीन तिच्यासाठी पात्र ठरते. मालकी, येणं-जाणं, कोणाला आत येऊ द्यायचं हे मालकाच्या हातात राहतं. नांगरणी आणि बांधकाम मात्र कायमचं बंद. गवत कापायला किंवा जनावरं चारायला परवानगी लागते.

चौथी, शेती चालू ठेवून अधूनमधून पाणी घेण्याची. हंगेरीत तिस्सा नदीकाठी पुराचं पाणी साठवण्यासाठी मोठे बांधबंदिस्त पट्टे केले. जमीन शेतकऱ्याकडेच राहिली. पट्ट्यात गेल्याबद्दल एकरकमी मोबदला, आणि ज्या वर्षी पाणी सोडलं जाईल त्या वर्षीच्या पिकाची वेगळी भरपाई. तिस्सारोफचा पट्टा २०१० च्या पुरात असा वापरला गेला. दाट वस्तीच्या, लहान धारणेच्या प्रदेशात मला हीच तऱ्हा चालण्यासारखी वाटते, कारण तिथे खरेदीचा पैसा शेतकऱ्याच्या हातात पडला तरी त्यातून दुसरी जमीन मिळत नाही.

भरपाई कशावर ठरते? पूर आल्यावर पंचनामा होतोच की.

पंचनाम्याची मदत आणि कराराची भरपाई यांत गल्लत करू नका. मदत ही सरकारची मर्जी. आकडा नंतर ठरतो, निकष नंतर ठरतात, आणि तो पिकाच्या खऱ्या मोलाच्या जवळपासही असेलच असं नाही. करारात सरकार तुमच्याकडून सेवा घेत असतं, तेव्हा दर पाणी येण्याआधी ठरलेला हवा.

त्या दरात काय काय धरायचं यावर घासाघीस होते. उभं पीक सगळ्यांना सुचतं. राहून जातं ते असं: पुढच्या हंगामाची उशिरा झालेली पेरणी, वाळूचा थर उपसण्याचा खर्च, मोटारी आणि ठिबकच्या नळ्या, वाहून आलेल्या काचा-प्लास्टिकची वेचणी, आणि उतरलेली जमिनीची किंमत. हक्क विकल्यावर बँक त्या जमिनीवर पूर्वीइतकं कर्ज देईलच असं नाही. आधीच गहाण असेल तर बँकेची संमती लागते. पीक विम्याचंही विचारा. मुद्दाम सोडलेलं पाणी ही नैसर्गिक आपत्ती नाही, असा पवित्रा विमा कंपनी घेऊ शकते.

जमीन माझ्या नावावर नाही, मी खंडाने कसतो. मला काय मिळेल?

बहुतेक धोरणांचं सगळ्यात कच्चं कलम हेच आहे. हक्काचे पैसे मालकाच्या खात्यात जातात आणि पीक कसणाऱ्याचं जातं. तोंडी खंड असेल तर कागदोपत्री तुम्ही तिथे नसताच. निदान पिकाची भरपाई कसणाऱ्याला मिळेल असं मालकाकडून लिहून घ्या आणि योजनेच्या सुनावणीत नाव नोंदवा. मजुरांचा विचार तर फार थोड्या योजना करतात. पट्टा गवताखाली गेला की त्यांच्या कामाचे दिवस आटतात, आणि हा तोटा कोणत्याच रकान्यात बसत नाही.

पाणी येणाऱ्या जमिनीत पिकवायचं काय?

पाणी कोणत्या महिन्यात येतं यावर सगळं अवलंबून. थंडीत, पीक नसताना आलेलं पाणी जमीन सहन करते. उन्हाच्या दिवसांत साचलेलं, तापलेलं पाणी दोन-तीन दिवसांतच मुळं गुदमरवतं. कॅलिफोर्नियातला योलो बायपास हे थंडीतल्या पुराचं चांगलं उदाहरण: हिवाळ्यात सॅक्रामेंटो नदीचं जादा पाणी सुमारे ५९,००० एकरांच्या या पट्ट्यातून जातं, उन्हाळ्यात तिथेच भात पिकतो. उथळ पाण्यात सामन माशाची पिल्लं मुख्य पात्रापेक्षा जोमाने वाढतात, हे तिथे नंतर लक्षात आलं.

पावसाळी हंगामातच पूर येणाऱ्या प्रदेशात ही सोय नाही. पूर आणि मुख्य पीक एकाच वेळी शेतात असतात. तिथे पर्याय म्हणजे पाणी सोसणारा भात (भारतात २००९ मध्ये आलेला 'स्वर्णा-सब १' साधारण दोन आठवडे बुडून राहिला तरी तग धरतो), चारा, बांबू, किंवा पूर ओसरल्यावर ओलीवर घ्यायची पिकं. भाजीपाला आणि फळबागा पट्ट्याच्या वरच्या कडेलाच. पूर येऊन गेलेल्या कुरणात जनावरं सोडताना यकृतातल्या पर्णकृमींची काळजी घ्या. ओलीतल्या गोगलगायींतून ते पसरतात.

पुराचा गाळ तर सोनं असतो ना?

कधी असतो, कधी नसतो. संथ पसरलेलं पाणी बारीक मळी टाकतं, ती चांगली. बांध फुटून जोरात घुसलेलं पाणी वाळू टाकतं. खिंडाराच्या तोंडाशी कमरेइतकी वाळू, शंभर पावलांवर घोटाभर, आणि शेताच्या टोकाला बोटभर मळी, असं एकाच शेतात दिसतं. मळीही वाळली की वर टणक पापुद्रा धरते, ढलप्या सुटतात, आणि पेरलेलं बी खालीच वाकडं होतं. वाफसा आला की हलकी कुळवणी करून तो फोडायचा, आधी नाही.

वरच्या बाजूला कारखाने असतील तर गाळ तपासून घ्या. एल्बेच्या काही पूरपट्ट्यांत गाळातल्या डायॉक्सिन या विषारी रसायनामुळे चराईवर बंधनं घालावी लागली. आणखी एक गोष्ट योजनेच्या माहितीपत्रकात सहसा नसते: वर्षानुवर्षं खत खाल्लेली जमीन पुन्हा ओली केली की मातीतलं स्फुरद सुटून पाण्यात उतरतं. पहिली काही वर्षं पाणी शुद्ध होण्याऐवजी बिघडूही शकतं.

पट्ट्यात झाडं लावली की झालं, नाही का?

काठावर, धूप थांबवायला, हो. मुख्य वाहत्या वाटेत दाट झाडी पाण्याला अडवते आणि वरच्या बाजूला पातळी चढते. काही ठिकाणी तेच हवं असतं, काही ठिकाणी तेच घातक. वृक्षारोपणाचे फोटो चांगले येतात, म्हणून हा प्रश्न अभियंत्याला विचारण्याआधीच खड्डे खणले जातात.

शेजारी तयार नसेल तर?

पाणी सर्व्हे नंबर पाहून थांबत नाही, त्यामुळे एकाचा नकार सगळी योजना अडवू शकतो. कोणी सक्ती करतं, कोणी नकार देणाऱ्याच्या शेताभोवती वेगळा बांध घालतं. नेदरलँड्सच्या ओव्हरडिपसे पोल्डरमध्ये (पोल्डर म्हणजे बांध घालून पाण्यापासून राखलेली सखल जमीन) तिसराच मार्ग निघाला. सुमारे ५५० हेक्टरांचा हा पट्टा पुरासाठी खुला होणार हे कळल्यावर तिथल्या शेतकऱ्यांनीच आराखडा पुढे केला: मागच्या तटबंधाला लागून सुमारे ६ मीटर उंच माती भरायची, घरं आणि गोठे त्यावर न्यायचे, नदीकडचा बांध उतरवायचा. जवळपास निम्मी कुटुंबं भरावावर राहिली, बाकीची मोबदला घेऊन दुसरीकडे गेली. पण त्यांना आधी वर्षानुवर्षं चर्चेला वेळ मिळाला होता. सुनावणीची नोटीस महिनाभर आधी लावून असं काही उगवत नाही.

शहर वाचवायला आमचंच शेत का बुडवायचं?

कारण एक एकर शहर बुडण्यापेक्षा एक एकर शेत बुडणं स्वस्त पडतं. धोरणाची भाषा काहीही असो, आतला हिशेब हाच असतो, आणि तो उघड मांडला तरच पुढचं बोलणं प्रामाणिक होतं. शहराचं जेवढं नुकसान टळतं, त्यातला वाटा शेतकऱ्याला का मिळू नये, असा उलट प्रश्न विचारायचा हक्क शेतकऱ्याला आहे. सध्याच्या बहुतेक योजना त्याचं नुकसान मोजतात, त्याने वाचवलेलं मोजत नाहीत.

एकदा सही केली की करार पुढच्या पिढीलाही बांधील का?

कायमच्या हक्काचा असेल तर हो. जमीन विकली, वाटणी झाली, तरी तो जमिनीबरोबर जातो. मिसिसिपी नदीवरच्या बर्ड्स पॉइंट–न्यू मॅड्रिड पट्ट्यासाठी अमेरिकी सरकारने १९२८ च्या कायद्यानंतर जमीनमालकांकडून पाणी सोडण्याचे हक्क विकत घेतले. पट्टा पहिल्यांदा १९३७ मध्ये वापरला गेला. मग ७४ वर्षं काहीच नाही. तेवढ्या काळात तिथे घरं झाली, गोदामं झाली, मालक बदलले. मे २०११ मध्ये इलिनॉयमधलं कैरो शहर वाचवायला लष्कराच्या अभियंत्यांनी सुरुंग लावून तटबंध उडवला आणि सुमारे १,३०,००० एकर पाण्याखाली गेले. शेतांत पुढे पुन्हा पीक आलं. पट्ट्यातलं पिनहूक हे कृष्णवर्णीयांचं छोटं गाव मात्र उद्ध्वस्त झालं, आणि तिथल्या लोकांना नवी घरं मिळायला कित्येक वर्षं गेली. मुदतीचा पर्याय असेल तर आधी तो वाचा, आणि कायमचा असेल तर मुलांना बरोबर घेऊन वाचा.